कर्ज पगाराच्या महिन्यांत मोजा: गणिताच्या पदवीचा पैशांचा हिशेब

गणिताच्या पदवीसाठी मी कर्ज काढलं तेव्हा मला इंटिग्रेशन येत होतं, मॅट्रिक्सचा व्यस्त काढता येत होता आणि भूमितीश्रेढीची बेरीज तर तोंडपाठ होती. तरीही कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी मी कागदावर एकही आकडा मांडला नाही. समोरच्या अधिकाऱ्याने कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवून हप्ता दाखवला, मी मान डोलावली. शिकत असताना चढणाऱ्या व्याजाचं काय, असं विचारलं तर "ते नंतर बघू" असं उत्तर मिळालं. ते 'नंतर' नोकरी लागल्यावर उगवलं. पहिल्या हप्त्याचं स्टेटमेंट उघडलं तर आकडे गोल करून असे होते: हप्ता ४,९५६, त्यातलं व्याज ३,१२५, मुद्दलात जमा फक्त १,८३१. कर्ज घेतलं होतं ३ लाख, आणि बाकी दिसत होती ३ लाख ७५ हजार.

यात फसवणूक कुठेच नव्हती. सगळं मंजुरीपत्रात लिहिलेलं होतं आणि तो हिशेब अकरावीच्या गणितात बसणारा होता. मी तो केला नाही, एवढंच. तो सहीआधी कसा करायचा ते पुढे सांगतो. आकड्यांपुढे मुद्दाम चलन लिहिलेलं नाही. तुमच्या चलनात आणि तुमच्या पटीत ते वाचा, गुणोत्तरं तीच राहतील.

आधी खर्चाची खरी बेरीज

यात फार वेळ घालवायचा नाही, पण अर्धवटही सोडायचं नाही. फी, वसतिगृह किंवा खोलीचं भाडं, जेवण, येण्याजाण्याचा खर्च, लॅपटॉप, परीक्षा शुल्क, अनामत रक्कम. यापुढे दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात: दरवर्षी वाढणारी फी आणि कर्जावरची प्रोसेसिंग फी. गणिताला प्रयोगशाळा लागत नाही, पुस्तकंही ग्रंथालयात मिळतात, त्यामुळे आपल्या यादीत फुटकळ खर्च कमी असतो. सगळी बेरीज करा, त्यातून घरून मिळणारे आणि शिष्यवृत्तीचे पैसे वजा करा. शिष्यवृत्ती दरवर्षी गुणांवर नव्याने ठरणार असेल तर फक्त पहिल्या वर्षाचीच धरा. राहील ते कर्ज.

आपल्या उदाहरणात तीन वर्षांची पदवी, दरवर्षी १ लाख, एकूण ३ लाख कर्ज आणि व्याजदर १० टक्के.

पदवी हातात येईपर्यंत कर्ज किती फुगतं?

शिकत असताना हप्ता भरावा लागत नाही, या सवलतीला मोरेटोरियम म्हणतात. हप्ता थांबतो, व्याज बहुतेक कर्जांत थांबत नाही. काही योजनांत या काळातलं व्याज सरकार भरतं. तुमच्या कर्जात तसं आहे का ते आधी पाहा. नसेल तर पुढचा हिशेब तुमचाच आहे.

पैसे एकदम मिळत नाहीत, दरवर्षी एक लाख असे मिळतात. पदवी संपल्यावर सहा महिन्यांनी हप्ते सुरू होतात असं धरू. पहिल्या लाखावर साडेतीन वर्षांचं व्याज चढतं, म्हणजे ३५ हजार. दुसऱ्या लाखावर अडीच वर्षांचं, २५ हजार. तिसऱ्यावर दीड वर्षाचं, १५ हजार. एकूण ७५ हजार. पहिला पगार झाल्यावर तुमचं कर्ज ३ लाख नसतं, ३ लाख ७५ हजार असतं. हे सरळव्याजाने झालं. वर्षाला चक्रवाढ लावली तर ३ लाख ८२ हजारांच्या आसपास जातं. पदवी चार वर्षांची आणि दरवर्षी एक लाख असं असेल तर सरळव्याजानेच ४ लाखांचे ५ लाख २० हजार होतात.

जाता जाता एक गोष्ट. 'ई' ही संख्या (सुमारे २.७१८), तुमच्या पुढच्या तीन वर्षांत पानोपानी भेटणारी, जेकब बर्नुली या स्विस गणितज्ञाला १६८३ मध्ये चक्रवाढ व्याजाचाच प्रश्न सोडवताना सापडली. व्याज वर्षातून एकदा न लावता महिन्याला, दिवसाला, क्षणाक्षणाला लावलं तर रक्कम कुठवर जाईल, हा त्याचा प्रश्न होता. सावकारी गणिताला कमी लेखण्याचं आपल्याला काही कारण नाही.

मंजुरीपत्रात इथे एक ओळ शोधायची: मोरेटोरियमचं व्याज मुद्दलात कधी मिळवलं जातं? दर महिन्याला, दरवर्षी, की हप्ते सुरू होताना एकदाच? एकदाच मिळवत असतील तर तुमचा फायदा.

हप्ता स्वतः काढा

सूत्र हे आहे:

हप्ता = क × र × (१+र)^न ÷ [(१+र)^न − १]

यात क म्हणजे फुगलेलं कर्ज, र म्हणजे महिन्याचा दर (१० टक्के भागिले १२, म्हणजे ०.००८३३३) आणि न म्हणजे हप्त्यांची संख्या. दहा वर्षांसाठी न = १२०. उत्तर येतं ४,९५६. दहा वर्षांत भरलेली एकूण रक्कम सुमारे ५ लाख ९५ हजार. उचलले होते तीन लाख. कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये पीएमटी नावाचं फंक्शन हेच उत्तर देतं, पण एकदा तरी सूत्र हाताने सोडवून बघा. भूमितीश्रेढीच आहे.

नंतर मुदत बदलून बघा. हप्ता दर शेकडा कर्जामागे किती पडतो ते लक्षात राहिलं तर पुढचं सगळं तोंडी होतं. १० टक्के दराने, मुदत ७ वर्षं असेल तर १.६६, १० वर्षं असेल तर १.३२, १५ वर्षं असेल तर १.०७. पंधरा वर्षांचा हप्ता हलका वाटतो, पण शंभराला एकूण १९३ भरावे लागतात. सात वर्षांत तेच १३९ वर भागतं.

स्प्रेडशीटमध्ये सहा रकाने करा: महिना, सुरुवातीची बाकी, व्याज, हप्ता, मुद्दलात जमा, शेवटची बाकी. १२० ओळी खाली ओढा आणि साठाव्या ओळीवर थांबा. पाच वर्षं हप्ते भरून झाले, निम्मी मुदत सरली, आणि बाकी अजून २ लाख ३३ हजार आहे. ३ लाख ७५ हजारांचे ६२ टक्के. "अर्धं फिटलं" असं तेव्हा कुणी म्हणत असेल तर त्याने हा तक्ता पाहिलेला नाही.

दर बदलता असेल तर १२ टक्क्यांचीही एक प्रत काढून ठेवा. हप्ता ५,३८० होतो. पुष्कळदा बँक हप्ता तोच ठेवते आणि मुदत वाढवते. तेव्हा १२० चे १४२ हप्ते होतात. खात्यातून तेवढेच पैसे कापले जातात, म्हणून पावणेदोन वर्षं वाढली हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

पगाराचा आकडा कुठून आणायचा?

सगळ्या हिशेबातला कच्चा दुवा हा आहे. कर्जाचा आकडा छापील असतो, पगाराचा आकडा ऐकीव. आणि ऐकीव आकडे नेहमी वरच्या बाजूला झुकलेले असतात.

समजा एका विभागातून नऊ जणांना नोकऱ्या लागल्या. महिन्याचे पगार हजारांत असे: १८, १९, २०, २२, २५, २६, २७, ३०, १२८. माहितीपत्रकात छापलं जाईल, "सरासरी पगार ३५ हजार". ते खोटं नाही, बेरीज ३१५ येते आणि नऊने भाग जातो. पण नवांपैकी आठ जणांना ३५ हजार मिळालेलेच नाहीत. मध्यक, म्हणजे पगार चढत्या क्रमाने मांडल्यावर बरोबर मधोमध येणारा आकडा, २५ हजार आहे. तुम्ही गणित शिकायला निघाला आहात, तेव्हा सरासरी आणि मध्यक यांतला फरक स्वतःच्या पैशांना लावायची ही पहिलीच संधी समजा.

यापुढचा प्रश्न जास्त टोचणारा: वर्गात किती जण होते? पंधरा असतील तर बाकीचे सहा कुठे गेले? काही पुढे शिकायला गेले असतील, काही स्पर्धा परीक्षा देत असतील, काही घरी बसले असतील. तिघांचीही रोजची मिळकत सध्या शून्य आहे आणि कर्ज असेल तर हप्ता चालू आहे. गणिताच्या विभागात पुढे शिकणाऱ्यांचं प्रमाण बरंच असतं, म्हणून इथे हा प्रश्न इतर शाखांपेक्षा जास्त महत्त्वाचा.

कॉलेजला विचारायचं ते एवढं: मागच्या तीन वर्षांचे मध्यक पगार किती, ते एकूण किती विद्यार्थ्यांपैकी कितींचे, आणि खालच्या चौथाईचा पगार (ज्याच्या खाली साधारण एक चतुर्थांश जण येतात तो आकडा) किती. उत्तर मिळालं नाही तर दोन-तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या दहा माजी विद्यार्थ्यांना गाठा. दहाही वेगवेगळ्या वाटेचे निवडा. ज्याचा फोटो फलकावर आहे त्याला विचारायची गरज नाही, त्याचा पगार फलकावरच आहे.

आणि आकडा हातात येणाऱ्या पगाराचा घ्या. 'वार्षिक पॅकेज' या शब्दात बोनस, विमा, भविष्य निर्वाहाची रक्कम असं बरंच काही कोंबलेलं असतं. हप्ता त्यातून जात नाही.

मी हिशेबाला खालच्या चौथाईचा पगार घेतो. आपल्या यादीत तो २० हजार धरू. याला काही जण निराशावाद म्हणतील. पण कर्जाचा हप्ता चुकतो तो वाईट वर्षात, सरासरी वर्षात नाही.

आता भागाकार

फुगलेलं कर्ज भागिले महिन्याचा हातात येणारा पगार. उत्तर महिन्यांत येतं. ३ लाख ७५ हजारांना २० हजारांनी भागा: पावणेएकोणीस महिने. मध्यक पगाराने भागा: १५ महिने. माहितीपत्रकातल्या सरासरीने भागलं असतं तर पावणेअकरा आले असते आणि तुम्ही हसत सही केली असती.

या महिन्यांना १.३२ ने गुणलं की (१० टक्के, १० वर्षं) पगारातला हप्त्याचा टक्का मिळतो. १२ महिन्यांचं कर्ज म्हणजे पगाराचे १६ टक्के. १८ महिन्यांचं म्हणजे २४ टक्के. २४ महिन्यांचं म्हणजे ३२ टक्के. मी वापरतो तो ठोकताळा असा: खालच्या चौथाईच्या पगाराने भागून उत्तर बारापर्यंत आलं तर बिनधास्त घ्या. बारा ते वीसमध्ये घेता येईल, पण एखादा खर्च कापून किंवा एखादी शिष्यवृत्ती मिळवून ते खाली आणायचा प्रयत्न आधी करा. वीसच्या वर गेलं तर त्या कॉलेजला त्या किमतीत नाही म्हणा. गणिताला नाही म्हणायची गरज नाही, तो मुद्दा पुढे येतो.

"पगार वाढेल की!" वाढेल, बहुधा. दरवर्षी ८ टक्के वाढला तर पाच वर्षांत जवळपास दीडपट होतो आणि २४ टक्क्यांचा हप्ता १६-१७ टक्क्यांवर येतो. पण नव्या गावातलं डिपॉझिट, घरी पाठवायचे पैसे, पहिली नोकरी सुटली तर मधले रिकामे महिने, हे सगळं पहिल्या दोन वर्षांतच येतं, आणि तेव्हा पगार वाढलेला नसतो. जेकबचा पुतण्या डॅनियल बर्नुली याने १७३८ मध्ये हेच मांडलं: तेवढ्याच रकमेचं मोल गरिबाला जास्त आणि श्रीमंताला कमी असतं. पाच हजारांचा हप्ता वीस हजारांतून जाताना आणि पन्नास हजारांतून जाताना सारखा नसतो.

गणिताची पदवी इतर पदव्यांसारखी का नाही

डॉक्टर, नर्स, वकील यांची पदवी एका ठरावीक दारापाशी नेऊन सोडते. गणिताची पदवी बऱ्याच दारांपाशी नेते, पण एकही दार आपणहून उघडत नाही. म्हणून 'गणित पदवीधराचा पगार' असा एक आकडा मनात धरणं मला चुकीचं वाटतं. वाटेगणिक वेगळा भागाकार करावा लागतो.

अ‍ॅक्चुअरीची वाट घ्या. विम्याची, पेन्शनची जोखीम मोजणारा हा व्यवसाय. इथे पदवीपेक्षा व्यावसायिक संस्थेच्या परीक्षा मोठ्या: ब्रिटनमध्ये इन्स्टिट्यूट अँड फॅकल्टी ऑफ अ‍ॅक्चुअरीज, अमेरिकेत सोसायटी ऑफ अ‍ॅक्चुअरीज, भारतात इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्चुअरीज ऑफ इंडिया. संभाव्यता आणि व्याजाचं गणित यांचे सुरुवातीचे पेपर पदवी करतानाच देता येतात. एक-दोन पेपर पास होऊन बाहेर पडलेल्याला दार लवकर उघडतं आणि पुढच्या पेपरची फी पुष्कळदा कंपनी भरते. कर्ज असलेल्यासाठी ही चांगली वाट आहे, अट एवढीच की ते पेपर अवघड असतात आणि सगळे संपायला वर्षं लागतात. परीक्षा शुल्क आणि अभ्यास साहित्य पहिल्या पायरीच्या बेरजेत टाकायला विसरू नका.

डेटा, सॉफ्टवेअर, बँकांमधलं जोखीम व्यवस्थापन, कंपन्यांमधलं ऑपरेशन्स रिसर्च (कामाचं नियोजन गणिताने ठरवणं), या वाटांवर गणिताबरोबर दुसरं काहीतरी हातात लागतं. प्रोग्रॅमिंग (पायथन किंवा आर), डेटाबेससाठी एसक्यूएल, आणि बरंचसं संख्याशास्त्र. अमूर्त बीजगणितात पहिला आलेला आणि एकही प्रोग्रॅम न लिहिलेला मुलगा इथे मुलाखतीत अडतो, हे मी मुलाखत घेणाऱ्याच्या खुर्चीत बसून पाहिलं आहे. हे शिकायला वेगळं कर्ज लागत नाही, तीन वर्षांतल्या संध्याकाळी लागतात.

शिक्षकी पेशात पगार ठरलेल्या श्रेणीत असतो, म्हणजे आकडा आधीच कळतो. हिशेबाला ती सोयच आहे. पण बहुतेक ठिकाणी शिकवण्याची वेगळी पात्रता मिळवावी लागते, तिचं एक किंवा दोन वर्षं आणि तिची फी मूळ कर्जावर चढते, शिवाय त्या काळात जुन्या कर्जाचं व्याज चालूच असतं.

संशोधनाची वाट सगळ्यांत जास्त नीट बघायला हवी. माझं मत सरळ आहे: गणितातल्या पीएचडीसाठी कर्ज काढू नका. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांत गणिताच्या पीएचडीची फी माफ असते आणि शिकवण्याच्या मोबदल्यात विद्यावेतन मिळतं. युरोपात काही देशांत तर ती पगारी नोकरीच असते. ज्या विभागाकडून असं काहीच मिळत नाही, तो तुमच्यावर पैज लावायला तयार नाही असं समजा. पदवीचं कर्ज मात्र मागे उभं असतंच. पीएचडीच्या पाच वर्षांत हप्ता पुढे ढकलता आला तरी १० टक्के चक्रवाढीने ३ लाख ७५ हजारांचे ६ लाखांवर जातात. संशोधनातच जायचं असेल तर पदवीचं कर्ज जितकं लहान तितकं बरं. वर दिलेली बारा महिन्यांची मर्यादा मी या लोकांसाठी सहावर आणेन.

महाग कॉलेज की साधं?

वैद्यकीय महाविद्यालयाला रुग्णालय लागतं, अभियांत्रिकीला कार्यशाळा. गणिताला खडू, फळा आणि चांगला शिक्षक. कोशीची अभिसरणाची कसोटी महाग वर्गात जास्त अचूक होत नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने २००१ मध्ये ओपनकोर्सवेअर हा उपक्रम जाहीर केला, त्यातून त्यांचे अभ्यासक्रम फुकट बघता येतात आणि तिथल्या गिल्बर्ट स्ट्रँग यांची लिनिअर अल्जेब्राची व्याख्यानं जगभरच्या साध्यासुध्या कॉलेजांतली मुलं बघत आली आहेत. मग जास्त फी कशाची? सोबतच्या मुलांची, शिफारसपत्रांची, इंटर्नशिपची आणि कंपन्या कॅम्पसवर येतात त्याची. या गोष्टी खऱ्या आहेत, पण त्यांना भाव लावता येतो.

असा लावा. साध्या कॉलेजला तीन वर्षांत एकूण ९० हजार कर्ज लागतं. ते फुगून १ लाख साडेबारा हजार होतं, हप्ता १,४८७. महाग कॉलेजचा हप्ता ४,९५६. फरक ३,४६९. म्हणजे महाग कॉलेजने तुम्हाला कर कापून, दर महिन्याला, दहा वर्षं, ३,४६९ जास्त मिळवून दिले तर हिशेब बरोबरीत सुटतो. नफा त्याच्या पुढे. २५ हजारांच्या पगारावर ही जवळपास १४ टक्क्यांची वाढ आहे. आता दोन्हीकडच्या मध्यक पगारांत एवढा फरक आहे का ते बघा.

फरक दिसला तरी तो सगळा कॉलेजचा नसतो. महाग आणि निवडक कॉलेजात मुळात तयार मुलं येतात, ती कुठेही गेली असती तरी बरं कमावलं असतं. स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर या संशोधकांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांची हीच तुलना प्रसिद्ध केली. सारख्याच कॉलेजांत प्रवेश मिळालेल्या मुलांपैकी काही जास्त निवडक कॉलेजात गेली, काही कमी निवडक ठिकाणी. पुढच्या कमाईत सरासरी फारसा फरक निघाला नाही. अपवाद निघाला तो कमी उत्पन्नाच्या घरांतून आलेल्या मुलांचा, त्यांना निवडक कॉलेजचा फायदा झाला. ज्याच्या घरात कुणाची ओळखपाळख नाही, त्याला ती ओळख कॉलेजातच मिळते, असा अर्थ मी यातून घेतो. म्हणून पहिल्या पिढीत शिकणाऱ्याला मी साधं कॉलेजच घ्या असं डोळे मिटून सांगणार नाही. हिशेब मात्र करायला सांगेन.

पदवी पूर्णच झाली नाही तर?

ही शक्यता कुणी मोजत नाही. सगळ्यांत वाईट परिस्थिती कमी पगाराची नसते. कर्ज आहे आणि पदवी नाही, ती असते. अर्ध्यावर सोडलं तर मोरेटोरियमही लवकर संपू शकतो.

गणितात गळती होते ती ठरावीक ठिकाणी. शाळेतलं गणित म्हणजे पद्धत लावून उत्तर काढणं. पदवीला पहिल्या दोन सत्रांतच सिद्धता सुरू होते, एप्सिलॉन-डेल्टा (सीमेची काटेकोर व्याख्या) येतं, आणि शाळेत शंभरपैकी पंचाण्णव घेणाऱ्याला अचानक आपण वेगळ्याच विषयाला बसलो असं वाटतं. मला वाटलं होतं. पहिल्या अंतर्गत परीक्षेत सीमेची व्याख्या लिहिताना 'प्रत्येक' आणि 'असा एक तरी' यांचा क्रम उलटला आणि पूर्ण प्रश्नाला भोपळा मिळाला. तेव्हा वाटलं, एका शब्दाला काय एवढं? नंतर कळलं, विषयच तो आहे.

तेव्हा कर्ज काढण्याआधी महिनाभर एक चाचणी घ्या, फुकटची. रिअल अ‍ॅनालिसिसचं कुठलंही प्राथमिक पुस्तक ग्रंथालयातून आणा. दोनचं वर्गमूळ अपरिमेय का, मूळ संख्या अनंत का, हे पुस्तक मिटून स्वतःच्या शब्दांत लिहून काढा. नंतर सीमेची व्याख्या घेऊन पाच साधी उदाहरणं सोडवा. चुका झाल्या तरी हरकत नाही. तासभर एका ओळीवर अडून बसल्यावर पुन्हा बसावंसं वाटतं की पुस्तक फेकावंसं वाटतं, एवढंच बघायचं आहे. फेकावंसं वाटलं तर संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, संगणकशास्त्र या शेजारच्या शाखा आहेत, तिथे गणित भरपूर वापरतात आणि सिद्धतेचा जाच कमी असतो.

तुमचं कर्ज कुठल्या जातीचं?

आतापर्यंतचा हिशेब ठरावीक हप्त्याच्या कर्जाचा होता. काही देशांत परतफेड कमाईवर ठरते आणि तिथे महिन्यांचा भागाकार लागू पडत नाही. ऑस्ट्रेलियाने १९८९ मध्ये अशी योजना मोठ्या प्रमाणावर सुरू केली, ब्रूस चॅपमन या अर्थतज्ज्ञाचा त्यात मोठा वाटा होता. इंग्लंडमध्ये ऑगस्ट २०२३ पासून पदवी सुरू करणाऱ्यांसाठी नियम आला की वर्षाला २५,००० पौंडांच्या वरच्या कमाईचे ९ टक्के भरायचे आणि ४० वर्षांनी उरलेलं माफ. ३०,००० पौंड कमावणारा वरच्या ५,००० चे ९ टक्के, म्हणजे वर्षाला ४५० भरतो, मग त्याचं कर्ज २० हजार असो की ६० हजार. कमाई मर्यादेखाली गेली की हप्ता शून्य. अशा कर्जाकडे ठरावीक काळाचा जादा कर म्हणून बघावं, घाईने फेडायचा प्रयत्न नेहमीच शहाणपणाचा नसतो.

ठरावीक हप्त्याचं कर्ज असेल तर सहीआधी हे विचारा, आणि उत्तरं लेखी घ्या: दर स्थिर की बदलता, बदलता असेल तर कशाला जोडलेला, मोरेटोरियमचं व्याज मुद्दलात कधी मिळवणार, मुदतीआधी फेडलं तर दंड आहे का, नोकरी गेली तर हप्ते थांबवता येतात का आणि किती महिने, जामीनदार किंवा सहकर्जदार कोण आणि त्याच्यावर नेमकी काय जबाबदारी येते. शेवटचा प्रश्न आईवडिलांना समोर बसवून विचारा. कागदावर सही त्यांचीही असते आणि पुष्कळदा त्यांना ती उपचार वाटते.

शिकता शिकता व्याज भरता आलं तर

माझ्या दृष्टीने या हिशेबातला सगळ्यांत स्वस्त डाव हाच. आपल्या उदाहरणात पहिल्या वर्षी महिन्याचं व्याज फक्त ८३३ आहे. दुसऱ्या वर्षी १,६६७, तिसऱ्या वर्षापासून २,५००. ते त्या त्या महिन्याला भरत गेलात तर कर्ज ३ लाखांवरच राहतं आणि पुढचा हप्ता ४,९५६ ऐवजी ३,९६५ होतो, दहा वर्षं. गणिताच्या विद्यार्थ्याला यासाठी एक उत्पन्न अगदी हाताशी असतं: शिकवणी. शाळकरी मुलांना गणित शिकवायला कायम माणूस हवा असतो. पहिल्या वर्षाचं व्याज दोन मुलांच्या फीत निघत असेल तर दोनच मुलं घ्या. चार घेऊन स्वतःचं सत्र बुडवणारे मी पाहिले आहेत आणि एक बुडालेलं सत्र व्याजापेक्षा महाग पडतं.

नोकरी लागल्यावर वर्षाला एक हप्ता जास्त भरलात, म्हणजे बाराऐवजी तेरा, तर दहा वर्षांचं कर्ज वर्षभराहून अधिक आधी संपतं. जास्तीचे पैसे भरताना ते मुद्दलात जमा करा असं लेखी सांगायचं. माझ्या खात्यात एकदा ते 'पुढच्या महिन्याचा आगाऊ हप्ता' म्हणून पडले होते आणि व्याजात छदामही कमी झाला नव्हता. तक्त्यातली बाकी आणि स्टेटमेंटमधली बाकी जुळेना म्हणून ते कळलं. दोन पत्रं आणि तीन आठवड्यांनी ते दुरुस्त झालं, मागच्या तारखेपासून. तेव्हापासून तो १२० ओळींचा तक्ता मी दर तिमाहीला स्टेटमेंटशेजारी उघडतो.